रो-हाउसच्या वसाहतीत संस्था करायची का? आधी सामाईक काय आहे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका सेक्टरात सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्यावरची ६४ रो-हाउसेस आहेत. काही मालकांना संस्था नोंदवायची आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गेट, रात्रीचा वॉचमन, कॅमेरे, मागच्या गल्लीची सफाई, आणि त्यासाठी घरटी महिना हजार रुपये. काहीजण म्हणतात, महापालिकेचा टॅक्स भरतो, मग ही दुसरी पट्टी कशाला? तिसरा गट सभेला येतो, मागे उभा राहतो आणि काही न बोलता निघून जातो. विचारणाऱ्या ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: संस्था नोंदवता येते का, आणि नोंदवली तर न देणाऱ्याकडून पैसे सक्तीने वसूल करता येतात का?

मी जीडीसी अँड ए आहे, म्हणजे सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका घेतलेला. बेलापूर ते ऐरोली पट्ट्यातल्या आणि ठाण्यातल्या गृहनिर्माण संस्थांची नोंदणी आणि लेखापरीक्षण हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो: संस्था नोंदवता येईल. सक्ती बहुधा करता येणार नाही, आणि तुमच्यासारख्या वसाहतीत ती नसलेलीच बरी. मात्र हे तुमच्या कागदांवर ठरणार आहे. त्यामुळे सभेत हात वर करण्याआधी कपाटातली फाइल काढा.

घराचा मूळ करार बघा. बहुतेक सिडको रो-हाउसना प्रत्येक भूखंडाचा स्वतंत्र भाडेपट्टा असतो, साठ वर्षांचा, आणि त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. समोर अमुक मीटर रुंद रस्ता, मागे गल्ली, दोन्ही बाजूंना शेजारचे भूखंड. तुमचा करार असा असेल तर तुम्हा ६४ जणांच्या मालकीचं सामाईक असं काहीच नाही. रस्ता, पावसाळी गटार, मलवाहिनी, दिव्यांचे खांब, कोपऱ्यावरची बाग या सगळ्या सार्वजनिक गोष्टी. सामाईक काय, तर दोन घरांमधली भिंत, आणि तीसुद्धा त्या दोघांपुरती.

दुसरी शक्यता अशी, की तुमच्याकडे ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ आहे आणि त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिला आहे. सिडकोने स्वतः बांधलेल्या अनेक वसाहतींत असं आहे. मग तुम्ही महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली येता. अशा ठिकाणी नवी संस्था काढायचा प्रश्नच येत नाही, कारण अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन कागदावर आधीपासून असते. फक्त वर्षानुवर्षं सभा झालेली नसते आणि जुने सचिव घर विकून गेलेले असतात. तिथे डिक्लरेशन, म्हणजे वसाहत या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त, आणि त्याला जोडलेले उपविधी मिळवायचे, सभा बोलवायची, नवं व्यवस्थापक मंडळ निवडायचं. या कायद्यात सामाईक खर्चाची थकबाकी हा त्या सदनिकेवरचा बोजा ठरतो. म्हणजे सक्ती आहे, पण ती घर घेतानाच स्वीकारलेली आहे.

तिसरी शक्यता म्हणजे पूर्ण जमीन एकाच नावावर, आतले रस्ते खाजगी, पाण्याची टाकी आणि पंप एकच. घोडबंदर रोडच्या बाजूला खाजगी विकासकांनी केलेल्या बंगल्यांच्या लेआउटमध्ये हे दिसतं. तिथे महापालिका आतला रस्ता करून देत नाही, पंप जळला तर सगळ्यांचं पाणी बंद होतं, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्याही नळाला तेच पाणी येतं. अशा ठिकाणी मी एक दिवसही वाट बघायला सांगणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्था नोंदवा. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे वेगळं प्रकरण आलं. नोंदणीला किमान पाचजण किंवा ५१ टक्के, यांपैकी जी संख्या जास्त असेल तेवढे अर्जदार लागतात. संस्था झाली की थकबाकीसाठी उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि जप्तीपर्यंत जाता येतं. विकासक सहकार्य करत नसेल तर त्याच्याशिवायही नोंदणी होते आणि पुढे मानीव अभिहस्तांतरणाने (डीम्ड कन्व्हेयन्स) जमीन संस्थेच्या नावावर करून घेता येते. त्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल.

तुमच्या सभेत कुणीतरी अमेरिकेतल्या एचओएचा, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेचा, दाखला दिला म्हणून लिहिता. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी ते जवळून पाहिलेलं असतं: गवत वाढलं की नोटीस, पैसे थकले की घरावर बोजा. पण तिथला अधिकार कुठून येतो ते बघा. विकासक घरं विकण्याआधीच जमिनीच्या दस्तात अटी नोंदवून ठेवतो, आणि घर घेणारा त्या अटींसह घर घेतो. त्याच अमेरिकेत जुन्या वस्तीतल्या शेजाऱ्यांनी बहुमताने ठरवलं, की आजपासून संस्था, तर ज्याची संमती नाही त्याच्या घरावर ती सहसा लादता येत नाही. तुमची अडचणही हीच आहे. ६४ पैकी ५० जणांनी ठराव केला म्हणून उरलेले १४ त्याला बांधील होत नाहीत. त्यांच्या भाडेपट्ट्यात तशी अट नाही आणि तुमच्या ठरावाने ती त्यात जाणार नाही.

कागद बघून झाले की एक माहितीचा अधिकार अर्ज टाका. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. सिडको आणि नवी मुंबई महापालिकेचं नेरूळ विभाग कार्यालय, दोघांनाही तेच विचारा: या सेक्टरातला अमुक रस्ता, मागची गल्ली, तिच्यातली मलवाहिनी आणि कोपऱ्यावरचा भूखंड यांचं हस्तांतरण सिडकोकडून महापालिकेकडे झालं आहे का, कधी, आणि आज देखभाल कुणाकडे आहे? हे उत्तर हातात असलं की सभेतले अर्धे वाद आपोआप मिटतात. ‘टॅक्स भरतो ना’ म्हणणाऱ्यांचं कुठे बरोबर आहे आणि कुठे नाही, ते त्यात स्पष्ट दिसतं.

आता त्या न बोलणाऱ्या गटाबद्दल. माझ्या मते तुमच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचे तेच आहेत.

नवी मुंबईतल्या रो-हाउस वसाहतींत फिरलं की दिसतं, पुढची मोकळी जागा बंद करून खोली झालेली, मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलेलं, वर मजला चढलेला. कुटुंब वाढलं, मुलाचं लग्न झालं, घर पुरेना, म्हणून लोकांनी बांधलं. परवानगी घेऊन किती आणि न घेता किती, हे ज्याचं त्याला माहीत. अशा घरातल्या माणसाला संस्था म्हटलं की वॉचमन दिसत नाही, संस्थेच्या लेटरहेडवर महापालिकेला गेलेली तक्रार दिसते. तो ‘महिना हजार जास्त होतात’ म्हणतो, पण त्याची भीती पैशांची नसते. आणि ती खोटीही नसते. दोन शेजाऱ्यांचं जुनं भांडण संस्थेच्या नावाने लढलं गेल्याची प्रकरणं माझ्यासमोर आली आहेत.

ही भीती उघड बोलून दूर केल्याशिवाय तुमची संस्था उभी राहणार नाही. त्यासाठी पहिल्याच सभेत एक ठराव मांडा: कोणत्याही सभासदाच्या घराच्या बांधकामाबद्दल संस्था स्वतःहून तक्रार करणार नाही आणि संस्थेचं लेटरहेड कुणाच्या वैयक्तिक वादात वापरलं जाणार नाही. याचा अर्थ संस्था अनधिकृत बांधकामाला मान्यता देते असा होत नाही. तो अधिकार तिचा नाहीच. ज्याला वैयक्तिक तक्रार करायची तो स्वतःच्या नावाने करू शकतोच. संस्था त्यात पडणार नाही, एवढंच. अपवाद एक ठेवा आणि तोही त्याच ठरावात लिहा: मागच्या गल्लीतले चेंबर आणि वाहिनी अडवता येणार नाही.

हा अपवाद का, ते घरांच्या एका ओळीच्या उदाहरणावरून सांगतो. पाठीला पाठ लावून घरं, मध्ये चिंचोळी गल्ली, तिच्यातून सगळ्यांची मलवाहिनी. मधल्या एका घराने स्वयंपाकघर मागे वाढवलं आणि चेंबर ओट्याखाली गेला. वरून फरशी. पहिली काही वर्षं काही झालं नाही. मग एका पावसाळ्यात टोकाच्या तीन घरांच्या न्हाणीघरात मैला वर यायला लागला. महापालिकेची जेटिंगची, म्हणजे दाबाच्या पाण्याने वाहिनी साफ करणारी, गाडी आली, कर्मचाऱ्यांनी दोन्हीकडून पाइप घातला, तो मधल्या चेंबरपाशी अडला, गाडी परत गेली. टोकाच्या घरातल्या आजी पाटावर बसून बादलीने पाणी काढत होत्या, आणि मधल्या घराचा दरवाजा कुणी उघडत नव्हतं, कारण बाहेर सगळे आवाज चढवून उभे होते. शेवटी सुटलं ते असं: ओट्याखालची फरशी काढून उचलता येणारं लोखंडी झाकण बसवलं. खर्च ओळीतल्या सगळ्या घरांनी वाटून घेतला. पावसाळ्याआधी एक ठरलेला दिवस, त्या दिवशी कर्मचाऱ्यांना आत घ्यायचं. सगळं इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या. मधल्या घरावर खर्च एकट्याने टाकला असता तर प्रकरण कोर्टात गेलं असतं आणि मैला तिथेच राहिला असता.

यातच एक गोष्ट कळकळीने सांगतो. चेंबर तुंबला की नाक्यावरून माणूस आणून पाचशे-हजार रुपये देऊन आत उतरवायची पद्धत अजून आहे. हे कधीही करू नका. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला मलवाहिनीत उतरवणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हा उतरवणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या सचिवावर आणि अध्यक्षावर दाखल होईल. कायदा बाजूला ठेवला तरी विषारी वायूने माणूस दोन मिनिटांत जातो. गाडी मागवा, ती आली नाही तर पुन्हा मागवा, वर तक्रार करा. तुमची संस्था फक्त या पाठपुराव्यासाठी झाली तरी तिचं काम झालं असं मी म्हणेन.

गेटचं मात्र विसरा. रस्ता सार्वजनिक असेल तर त्यावर परवानगीशिवाय गेट लावता येत नाही, महापालिका ते काढून टाकू शकते, आणि आडवं गेट म्हणजे रात्री रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी अडकणं. वॉचमन ठेवता येईल, पण तो येणाऱ्याला अडवू शकत नाही, नाव विचारण्याची सक्ती करू शकत नाही. तो फक्त लक्ष ठेवू शकतो. एजन्सीमार्फत ठेवणार असाल तर तिच्याकडे खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आहे का ते बघून घ्या. कॅमेरे आपापल्या हद्दीत, आपापल्या भिंतीवर, तोंड रस्त्याकडे. समोरच्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा शेजाऱ्यांना जितक्या लवकर तोडतो तितकं दुसरं काही तोडत नाही.

पैशाचं गणित तुमच्या प्रस्तावात कच्चं आहे. समजा दोन पाळ्यांचे दोन वॉचमन, प्रत्येकी १८,००० रुपये. महिन्याला ३६,००० झाले. ६४ घरांत वाटले तर घरटी ५६३. सभेत हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ऐच्छिक वर्गणी सगळे देत नाहीत. ४० घरांनी दिली तर ९००. मग देणाऱ्यांपैकी काहीजण म्हणतात, शेजारी फुकट सुरक्षा घेतो, मी का भरू? दहा गळाले की उरलेल्या तिसांवर १,२००. इथून पुढे पडझड वेगाने होते. वॉचमनचा पगार मात्र एक तारखेला द्यावाच लागतो, आणि तो गरीब माणूस खजिनदाराच्या दारात उभा असतो.

म्हणून ऐच्छिक संस्थेने सुरुवात पगाराने करू नये. पहिल्या वर्षी ठरलेली, संपणारी कामं घ्या. पावसाळ्यापूर्वी सगळ्या चेंबरची यादी आणि जेटिंग. बंद दिव्यांची खांब क्रमांकासह तक्रार. झाडांच्या धोकादायक फांद्यांसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज, कारण फांदी स्वतः तोडली तर वृक्ष अधिनियमाखाली तुम्हीच अडचणीत याल. वर्षाला घरटी हजार-बाराशे पुरतात, कारण बरीचशी कामं महापालिकेकडूनच करून घ्यायची आहेत. वर्षाच्या शेवटी हिशेबाचा कागद प्रत्येक दारात द्या, न देणाऱ्याच्याही. दुसऱ्या वर्षी देणाऱ्यांची संख्या बघा. ती पन्नासच्या वर टिकली तर वॉचमनचा विषय काढा, त्याआधी नको.

वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा मोबाइल नंबरवर घेऊ नका, ती व्यक्ती कितीही सज्जन असो. सज्जन माणसावरच मग संशय येतो आणि तो कायमचा बाजूला होतो. पावती पुस्तक क्रमांकित हवं, संस्थेच्या नावाचं बँक खातं हवं, सही दोघांची. गणपतीची, होळीची, हळदीकुंकवाची वर्गणी पूर्ण वेगळी, पुस्तक वेगळं. मांडवाचा खर्च आणि चेंबरचा खर्च एका वहीत आला की दोन्हीकडचे लोक नाराज होतात.

आता नोंदणी. तुमचा प्रकार पहिला निघाला, म्हणजे सामाईक मालकी नसली, तर सहकारी संस्था काढायचा आग्रह सोडा. ‘रहिवासी संघ’ सोसायट्या नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवा. किमान सातजण लागतात. सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे ठाण्याचं धर्मादाय कार्यालय. खारघर-कामोठ्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं, तुमचा जिल्हा रायगड. घटनापत्र, नियमावली, कार्यकारी मंडळाची यादी, कार्यालयाच्या पत्त्यासाठी घरमालकाचं संमतीपत्र, एवढी तयारी करून जा.

नोंदणीनंतर लोक जिथे चुकतात ती जागा म्हणजे चेंज रिपोर्ट. मंडळ बदललं की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो. मग कागदावर पहिलंच मंडळ राहतं. त्यातले काही परगावी गेलेले, एखादे वारलेले, आणि बँक नव्या सचिवाची सही घेत नाही. नियमावली लिहितानाच त्यात घाला, की निवडणुकीच्या सभेतच बदल अर्जावर नव्या-जुन्या दोन्ही मंडळांच्या सह्या घ्यायच्या. लेखापरीक्षण दरवर्षी. रक्कम छोटी आहे म्हणून टाळू नका.

नियमावलीत आणखी दोन गोष्टी माझ्या आग्रहाच्या. भाडेकरूंना सभासद करून घ्या. सहकारी संस्थेत हे जमत नाही, तुमच्या संघात जमतं. पाणी कमी दाबाने येतं तेव्हा बादली घेऊन उभा असतो तो तिथे राहणारा माणूस. पुण्याला किंवा दुबईला असलेला मालक नाही. हवं तर भूखंड आणि भाडेपट्ट्याच्या विषयांत मत फक्त मालकांना ठेवा. दुसरं, कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी संघाच्या पदावर नको. सभासद म्हणून जरूर हवा, त्याच्या ओळखीचा उपयोगही घ्या. पण लेटरहेड त्याच्या हातात गेलं की निवडणुकीत तुमची वसाहत कुणाच्या तरी पत्रकावर छापली जाते आणि निम्मी घरं तुटतात.

भटक्या कुत्र्यांवरून तुमच्याकडे बाचाबाची झाली असं लिहिलंय. संघ झाला तर हा विषय पहिल्या महिन्यात येणार. ‘खायला घालायचं नाही’ असा ठराव करू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवरही टाकली आहे. मुलांच्या खेळण्याच्या आणि लोकांच्या येण्या-जाण्याच्या जागेपासून लांबचा कोपरा महापालिकेकडून ठरवून घ्या, आणि निर्बीजीकरणासाठी तिच्याकडे लेखी मागणी करा.

राहिला ‘टॅक्स भरतो ना’ हा मुद्दा. त्या माणसांना विरोधक समजू नका. त्यांचं म्हणणं मुळात बरोबर आहे, रस्ता आणि मलवाहिनी महापालिकेचीच जबाबदारी. त्यांना वर्गणी मागण्याऐवजी काम द्या. टॅक्सच्या बदल्यात काय मिळायला हवं याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या आणि विभाग कार्यालयात जाणाऱ्या शिष्टमंडळात त्यांना पुढे ठेवा. अशी भांडणारी माणसं पाठपुराव्याला फार चांगली असतात.

येत्या रविवारच्या सभेत नोंदणीचा ठराव घेऊ नका. नोटिशीत एवढंच लिहा, की प्रत्येकाने आपल्या भाडेपट्ट्याची झेरॉक्स आणावी. निदान प्रत्येक ओळीतल्या दोन घरांची तरी मिळवा, कारण एकाच सेक्टरात वेगवेगळ्या योजनांची घरं असू शकतात आणि करार वेगळे निघू शकतात. माहिती अधिकाराच्या दोन्ही अर्जांवर त्याच सभेत सह्या करून सोमवारी टाका. उत्तर आलं की करारांच्या प्रतींसह पुन्हा लिहा, मग नियमावलीचा मसुदा बघू.